हसविणाऱ्याच्या श्रमाची मालकी

वेतन वाढले की माणसाची स्थिती सुधारली, असा एक सार्वत्रिक समज आहे. कामगार संघटनांच्या मागण्यांपासून सरकारी वेतन आयोगांच्या शिफारशींपर्यंत सर्वत्र तोच गृहीत धरलेला असतो. सामान्यतः तो खराही असतो. परंतु ज्या कामात करणाऱ्याची बुद्धी आणि कल्पकता हाच मुख्य कच्चा माल असतो, तेथे हा हिशेब चुकू शकतो. अमेरिकन मूकपटांतील विनोदी नट व चित्रपटकार बस्टर कीटन याचे चरित्र हे अशा चुकलेल्या हिशेबाचे ठळक उदाहरण होय. १९२८ साली त्याने मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य कंपनीशी करार केला. त्या करारान्वये त्याला आठवड्याला ३ हजार डॉलर वेतन मिळू लागले. पुढील पाच वर्षांत तो आपले काम, घर आणि कुटुंब गमावून बसला. हे कसे घडले, याचा विचार केवळ चित्रपटाच्या रसिकांनीच करावा असे नाही. पगारावर काम करणाऱ्या प्रत्येकाशी त्या प्रश्नाचा काही ना काही संबंध पोचतो.

रंगमंचावरील बालपण

कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजी कॅन्सस राज्यातील पिक्वा या लहानशा गावी झाला. आईवडील गावोगाव फिरून खेळ करणारे कलावंत होते आणि औषधे विकणाऱ्या फिरत्या मंडळीबरोबर त्यांचा प्रवास चाले. मुलाचे नाव जोसेफ. बस्टर हे पुढे पडलेले टोपणनाव. जोराने आपटून पडणे असा त्या शब्दाचा रंगमंचावरील अर्थ होता आणि मुलाने तो अक्षरशः सार्थ केला. शाळेत जाण्याच्या वयापूर्वीच तो आईवडिलांबरोबर रंगमंचावर उभा राहिला. ‘थ्री कीटन्स’ या नावाने तिघांचा खेळ प्रसिद्धीस आला. खेळ साधा होता. अवज्ञा करणाऱ्या मुलाला बाप शिस्त लावू पाहतो, आणि त्या खटाटोपात त्याला उचलून पडद्यावर, नेपथ्यावर, प्रसंगी वाद्यवृंदाच्या दिशेने फेकून देतो. फेकणे सोपे जावे म्हणून मुलाच्या कपड्यांना पाठीवर प्रवासी पेटीची मूठ शिवलेली असे.

बालकांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणाऱ्या संस्थेने या खेळाला अनेकदा हरकत घेतली. अधिकाऱ्यांपुढे मुलाला उभे करून त्याच्या अंगावरील खुणा तपासल्या गेल्या. न्यूयॉर्कमध्ये काही काळ कुटुंबाला खेळ करण्याची मनाईही झाली. कीटन स्वतः मात्र पुढे आयुष्यभर सांगत राहिला, की आपण कधी दुखावलो गेलो नाही. कसे पडावे हे आपल्याला लहानपणीच कळले होते. यात पित्याची पाठराखण किती आणि वस्तुस्थिती किती, हा भाग वेगळा. एक धडा मात्र त्याला याच वयात मिळाला. आपटल्यावर आपण हसलो तर प्रेक्षक हसत नाहीत. चेहरा निर्विकार ठेवला तर सारे नाट्यगृह हसते. पुढे जगभर ओळखला गेलेला त्याचा न हसणारा चेहरा हा असा व्यवसायातून कमावलेला होता.

या बालपणाला आणखी एक बाजू होती. कुटुंबाच्या उत्पन्नाचा मुख्य आधार हा मुलगा होता, आणि व्यवहार मात्र सर्वस्वी वडिलांच्या हाती होता. काम आपण करावे आणि करारमदार वडीलधाऱ्यांनी पाहावेत, ही सवय कीटनच्या अंगी येथेच बाणली. वडिलांचे मद्यपान वाढले, खेळात त्यांचा तोल जाऊ लागला आणि मुलाला खरोखरीच इजा होण्याची भीती निर्माण झाली. १९१७ साली हा खेळ कायमचा बंद पडला. कीटन तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

स्वातंत्र्याची आठ वर्षे

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याला एका संगीतरंजनाच्या प्रयोगात आठवड्याला २५० डॉलरचे काम मिळाले होते. तालमी सुरू होण्यापूर्वी त्याची रॉस्को आर्बकल या लोकप्रिय विनोदी नटाशी गाठ पडली आणि तो आर्बकलच्या चित्रपटाचे चित्रीकरण पाहावयास गेला. तेथील कॅमेऱ्याने त्याला झपाटून टाकले. यंत्र कसे चालते हे समजून घेण्यासाठी त्याने ते सुटे करून पाहिले, असे तो सांगत असे. त्याने २५० डॉलरचे काम सोडले आणि आर्बकलकडे आठवड्याला ४० डॉलरवर राहिला. पैशापेक्षा कामाची निवड करण्याचा त्याच्या आयुष्यातील हा पहिला प्रसंग, आणि तो यशस्वी ठरला. १९१८ साली तो अमेरिकन सैन्यातून फ्रान्सला गेला व श्रवणशक्ती काहीशी गमावून परतला. १९२० साली आर्बकल मोठ्या चित्रपटांकडे वळल्यावर निर्माता जोसेफ शेंक याने आर्बकलची जागा कीटनला दिली.

पुढील आठ वर्षांत कीटनने एकोणीस लघुपट आणि दहा दीर्घ मूकपट स्वतःच्या पद्धतीने तयार केले. ‘वन वीक’ (१९२०) या लघुपटात एका नवविवाहित जोडप्याला सुट्या भागांच्या पेट्यांतून आलेले घर उभारावयाचे असते. एक प्रतिस्पर्धी पेट्यांवरील क्रमांक बदलून ठेवतो. घर वेडेवाकडे उभे राहते, वादळात भोवऱ्यासारखे फिरते आणि अखेर आगगाडीखाली चुरडले जाते. एका मध्यमवर्गीय स्वप्नाची ही कथा वीसेक मिनिटांत संपते. ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) मध्ये चित्रपटगृहातील यंत्रचालक झोपेत पडद्यावरील चित्रात शिरतो. या चित्रपटाच्या वेळी आगगाडीच्या टाकीतील पाण्याच्या लोंढ्याने कीटन रुळावर आदळला व त्याच्या मानेच्या हाडाला चीर गेली. ती गोष्ट कित्येक वर्षांनी क्ष-किरण तपासणीत उघडकीस आली. त्याच वर्षीचा ‘द नॅव्हिगेटर’ हा त्याच्या स्वतंत्र चित्रपटांपैकी सर्वांत यशस्वी ठरलेल्यांपैकी एक होय.

त्याची कामाची पद्धत आजच्या व्यवस्थापनशास्त्राला मानवणारी नव्हती. लिखित पटकथा नसे. कथेचा आरंभ आणि शेवट ठरला की चित्रीकरण सुरू होई. मधला भाग काम करता करता सापडत जाई. विनोदाच्या जागा सुचविणारी तीन-चार माणसे, छायालेखक आणि तंत्रज्ञ यांचा एक कायम संच त्याच्याभोवती होता. एखाद्या प्रसंगाची अडचण सुटेनाशी झाली की सारी मंडळी बेसबॉल खेळावयास जात आणि उत्तर सापडले की परत येत. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटला असता. वस्तुतः तेच त्या कारखान्याचे संशोधन खाते होते.

या पद्धतीचे सर्वोच्च फळ म्हणजे ‘द जनरल’. अमेरिकन यादवी युद्धात, १८६२ साली, उत्तरेच्या हेरांनी दक्षिणेचे एक रेल्वे इंजिन पळविले होते. या सत्य घटनेवर हा चित्रपट आधारलेला आहे. कीटनने इंजिनचालकाची भूमिका केली आणि क्लाइड ब्रकमनसमवेत दिग्दर्शनही केले. चित्रीकरण ओरेगॉन राज्यात झाले. जळत्या पुलावरून जाणारे इंजिन नदीत कोसळते त्या दृश्यासाठी खरा पूल बांधण्यात आला आणि खरे इंजिन नदीत पाडण्यात आले. त्या एका दृश्याचा खर्च ४२ हजार डॉलर सांगितला जातो. एकूण खर्च साडेसात लाख डॉलरच्या घरात गेला. अमेरिकेतील उत्पन्न पाच लाखांपर्यंतही पोचले नाही. १९२७ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या समीक्षकांपैकी अनेकांना तो लांबलेला व कंटाळवाणा वाटला. ज्या चित्रपटाला पुढील पिढ्यांनी डोक्यावर घेतले, त्याच चित्रपटाने त्याच्या कर्त्याचे स्वातंत्र्य धोक्यात आणले.

‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ (१९२८) हा त्याचा अखेरचा स्वतंत्र चित्रपट. त्यात चक्रीवादळात एका घराची संपूर्ण दर्शनी भिंत कीटनवर कोसळते आणि वरच्या उघड्या खिडकीच्या चौकटीतून तो नेमका वाचतो. भिंत खरी व जड होती आणि चौकट अंगासभोवती काही इंचच मोठी होती. वास्तविक मूळ योजनेत चक्रीवादळ नव्हते, पूर होता. परंतु १९२७ साली मिसिसिपीला आलेल्या महापुराने लोक बेघर झालेले असताना पुराचा विनोद करू नये, असे निर्मात्याच्या माणसांनी ठरविले. उभारलेल्या नेपथ्यात बदल करावा लागून खर्च आणखी वाढला. निर्णय दुसऱ्याचा आणि तोटा कीटनच्या नावावर, असा हा प्रकार होता.

वेतन वाढले, काम गेले

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कंपनीचे नाव ‘बस्टर कीटन प्रॉडक्शन्स’ असले तरी तिचे भांडवल कीटनचे नव्हते आणि तिच्यात त्याचा एकही भाग नव्हता. त्याला आठवड्याला १ हजार डॉलर आणि नफ्याचा चौथा हिस्सा मिळे. पुढे वेतन वाढले. शेंक हा उदार मालक होता आणि कामात ढवळाढवळ फारशी करीत नसे. शिवाय तो घरचाच होता. १९२१ साली कीटनने ज्या नॅटली टालमाजशी लग्न केले, तिची बहीण नॉर्मा ही शेंकची पत्नी. साडूवर विश्वास ठेवावयाचा आणि कागद वाचावयाचे नाहीत, हे बालपणापासूनच्या सवयीला धरूनच झाले. १९२८ साली शेंकने हा संच बंद करण्याचे ठरविले आणि कीटनला मेट्रो-गोल्डविन-मेयरकडे जाण्याचा सल्ला दिला. या कंपनीची मालकी असलेल्या उद्योगाचा अध्यक्ष शेंकचा भाऊ निकोलस होता. चार्ली चॅप्लिन आणि हॅरल्ड लॉईड या दोघांनीही कीटनला हा करार न करण्याविषयी बजावले होते. त्याने तो केला. पुढे त्याने ही आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक मानली.

नव्या कंपनीची कार्यपद्धती सुसंघटित होती. श्रमविभागणीचे जे तत्त्व ॲडम स्मिथने टाचणीच्या कारखान्याच्या उदाहरणाने मांडले, ते तेथे चित्रपटाला लावण्यात आले होते. कथा एका खात्याने लिहावी, ती वरिष्ठांनी मंजूर करावी, अंदाजपत्रक दुसऱ्या खात्याने करावे आणि नटाने ठरल्या दिवशी ठरलेले वाक्य बोलावे. नाट्यमय चित्रपटांच्या बाबतीत या पद्धतीने उत्कृष्ट माल निघत होता, हे नाकारता येणार नाही. परंतु कीटनचा विनोद लिहिता येण्याजोगा नव्हता. तो जागेवर, वस्तू हाताळताना, पडताना-उठताना जन्म घेई. ‘द कॅमेरामन’ (१९२८) या पहिल्या चित्रपटाच्या वेळी त्याने भांडून थोडी मोकळीक मिळविली आणि तो चित्रपट उत्तम झाला. त्यानंतर मोकळीक आटत गेली. त्याचा जुना संच पांगला. महागडा नट जायबंदी होऊ नये म्हणून त्याच्या धाडसी उड्यांवरही बंधने आली. चित्रपटांत त्याला बावळट माणसाच्या भूमिका मिळू लागल्या. त्याचा मूळ नायक बावळट नव्हता. संकटात सापडलेला, परंतु यंत्राची व निसर्गाची चाल ओळखून त्यातून वाट काढणारा तो माणूस होता. हा भेद कंपनीच्या कोणत्याच खात्याच्या ध्यानात आला नाही.

बोलपट आले आणि मूकपटांचा हा नट मागे पडला, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते खरे नाही. त्याचा आवाज बोलपटाला चालण्याजोगा होता आणि ध्वनीचा उपयोग करण्याची त्याची इच्छाही होती. एवढेच नव्हे, तर त्याच्या काही बोलपटांच्या परभाषी आवृत्त्याही काढण्यात आल्या व त्यांत तो न येणाऱ्या भाषांतील वाक्ये उच्चार पाठ करून बोलला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की यांपैकी अनेक बोलपटांनी त्याच्या स्वतंत्र मूकपटांपेक्षा अधिक पैसा मिळविला. ‘द जनरल’ तोट्यात गेला होता. स्वतः कीटनला न आवडलेला ‘साइडवॉक्स ऑफ न्यूयॉर्क’ (१९३१) नफ्यात गेला.

कंपनीच्या बाजूने विचार केला तर हे आकडे बिनतोड आहेत. प्रेक्षकांनी तिकिटे काढून कौल दिला होता. मग तक्रार कशाची? या प्रश्नाला उडवून लावणे योग्य होणार नाही. ज्याचे भांडवल गुंतलेले असते त्याला नफ्याचा विचार करावाच लागतो, आणि साडेसात लाख खर्चून तोट्यात जाणाऱ्या प्रयोगांना कोणीही मालक अनंत काळ पोसणार नाही. परंतु बाजाराचा कौल हा त्या वर्षाचा कौल असतो. कीटनच्या पूर्वीच्या चित्रपटांनी त्याच्या नावाभोवती जी पत निर्माण केली होती, तीच हे बोलपट खर्ची घालीत होते. मुद्दल मोडून आलेल्या पैशाला उत्पन्न म्हणण्याची ही चूक घरगुती जमाखर्चात जशी होते तशीच मोठमोठ्या कंपन्यांतही होते. पाच वर्षांत मुद्दल संपले.

माणसाची झीज त्याहून लवकर झाली. कीटन दारूच्या आहारी गेला. चित्रीकरणाला गैरहजर राहू लागला, आला तरी काम करण्याच्या अवस्थेत नसे. १९३२ साली नॅटलीने घटस्फोट घेतला. दोन्ही मुलगे तिच्याकडे गेले आणि त्यांचे आडनावही बदलून टालमाज करण्यात आले. बेव्हर्ली हिल्समधील प्रासादतुल्य घर गेले. १९३३ च्या आरंभी लुई मेयर याने त्याला कामावरून काढून टाकले. या अधःपाताचे सारे खापर कंपनीवर फोडता येणार नाही. मद्यपान हा त्याचा स्वतःचा दोष होता आणि करार न वाचण्याचा निष्काळजीपणाही त्याचाच होता. तथापि रोज आपल्या हातून आपल्याला नापसंत काम करवून घेतले जात आहे, ही जाणीव माणसाला आतून कशी पोखरते, हेही या पाच वर्षांत दिसून येते.

उत्तरायुष्य

यानंतरची कथा बहुतेक चरित्रकार शोकांतिकेच्या सुरात सांगतात. ती तशी संपली नाही. काही काळ रुग्णालयात काढल्यावर त्याने व्यसनावर बऱ्याच अंशी ताबा मिळविला. दुय्यम कंपन्यांसाठी त्याने स्वस्तात लघुपट केले. १९३७ साली ज्या कंपनीने त्याला काढले होते, तिच्याकडेच तो इतरांच्या चित्रपटांना विनोदाच्या जागा सुचविण्याच्या कामावर आठवड्याला १०० डॉलरवर राहिला. एके काळच्या वेतनाचा हा तिसावा हिस्सा होता. रेड स्केल्टन या नव्या नटाला त्याने जुन्या युक्त्या शिकविल्या आणि त्याविषयी कडवटपणा दाखविला नाही. १९४० साली एलिनॉर नॉरिस या तरुण नर्तकीशी त्याचा विवाह झाला. तो अखेरपर्यंत टिकला आणि त्याला सावरणारा ठरला.

१९४७ साली पॅरिसच्या मेद्रानो सर्कसमध्ये त्याने काम केले व तेथील प्रेक्षकांनी त्याला उचलून धरले. १९४९ साली जेम्स एजी या समीक्षकाने ‘लाइफ’ साप्ताहिकात मूकपटांतील विनोदाच्या सुवर्णकाळावर दीर्घ लेख लिहिला, आणि कीटनचे नाव पुन्हा चॅप्लिनच्या बरोबरीने घेतले जाऊ लागले. १९५२ च्या ‘लाइमलाइट’मध्ये हे दोघे एकत्र दिसले. त्याच्या चित्रपटांच्या जुन्या प्रती त्याने गमावलेल्या घरात सापडल्या. ते घर तेव्हा जेम्स मेसन या नटाकडे होते. रेमंड रोहावर या प्रदर्शकाने प्रती गोळा केल्या, हक्कांसाठी कोर्टकचेऱ्या केल्या आणि चित्रपट पुन्हा लोकांपुढे आणले. स्वतःच्या चित्रपटांच्या हक्कांसाठी कीटनला असे तिऱ्हाइताचे साहाय्य घ्यावे लागले. १९५७ साली त्याच्या आयुष्यावर चित्रपट निघाला. तो अगदी सुमार आणि वस्तुस्थितीला सोडून होता. परंतु त्यापोटी मिळालेल्या ५० हजार डॉलरमधून त्याने कॅलिफोर्नियात वुडलँड हिल्स येथे लहानसे घर घेतले. १९६० साली त्याला मानद ऑस्कर देण्यात आले. सॅम्युएल बेकेटने लिहिलेल्या एकमेव चित्रपटात त्याने काम केले आणि १९६५ साली व्हेनिसच्या महोत्सवात सारे सभागृह त्याच्यासाठी उभे राहिले. १ फेब्रुवारी १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले.

मालकीचा प्रश्न

चॅप्लिन आणि लॉईड यांच्या चरित्राशी तुलना केली म्हणजे कीटनच्या चरित्राचा अर्थ स्पष्ट होतो. चॅप्लिन १९१९ साली युनायटेड आर्टिस्ट्स या वितरण संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होता. त्याचा चित्रपटसंच त्याच्या मालकीचा होता आणि चित्रपटात पैसाही त्याचाच असे. म्हणूनच सारी चित्रपटसृष्टी बोलू लागलेली असताना १९३१ साली ‘सिटी लाइट्स’ मुका ठेवण्याचे धाडस तो करू शकला. लॉईडनेही स्वतःची कंपनी काढली आणि आपले चित्रपट आपल्या ताब्यात ठेवले. तिघांमध्ये प्रतिभेचा क्रम कोणी कसाही लावो, व्यवहारातला फरक निर्विवाद आहे. दोघांचे स्वातंत्र्य हक्काचे होते. कीटनचे मालकाच्या मर्जीचे होते. मालक चांगला होता तोवर हा फरक दिसून आला नाही. मर्जीने मिळालेले स्वातंत्र्य आणि हक्काने मिळालेले स्वातंत्र्य चांगल्या दिवसांत एकसारखेच दिसते, आणि तेथेच फसगत होते.

प्रत्येकाला स्वतःचे भांडवल उभारता येणार नाही, हे उघड आहे. शिक्षक शाळेचा मालक होत नाही, लेखनिक कचेरीचा होत नाही. परंतु आपल्या कामाची पद्धत ठरविण्यात आपला काही वाटा असावा, हा आग्रह त्यांना धरता येतो. वेतनवाढीच्या वाटाघाटींत हा मुद्दा सहसा मागे पडतो, कारण तो रुपयांत मोजता येत नाही. नव्या वेतनश्रेणीबरोबर नव्या अटी कोणत्या आल्या, हे पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. कीटननेही ती घेतली नव्हती.

१९८९ साली अमेरिकेने जतन करण्यायोग्य चित्रपटांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. तिच्या पहिल्याच यादीत ‘द जनरल’चा समावेश झाला. तो आज अमेरिकेत कोणाच्याही खाजगी मालकीचा नाही. सार्वजनिक संपत्ती म्हणून कोणीही तो दाखवू शकतो. ज्याने तो घडविला त्याच्या मालकीचा मात्र तो एक दिवसही नव्हता.